सातव्या वर्षी दात दाखवायचे, ते कशासाठी?

(वटार येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता म्हातारपणी आम्ही मुलांच्या दातांवर बोलायला उभे राहिलो, म्हणून काही जण हसताहेत. हसा, आम्हाला दात बघायला मिळतील. पण तत्त्वज्ञानाचा आणि दातांचा संबंध जुना आहे, बरं का. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात. एवढा मोठा विचारवंत, घरात बायको होती, पण 'जरा आ कर' म्हणून मोजून बघणं काही झालं नाही. न बघता ठरवून मोकळं व्हायचं, ही आम्हा लोकांची जुनी खोड. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत ती दोनदा नडली असती, एकदा खरोखर नडली. तेच सांगायचं आहे.

आमची नात आठ वर्षांची होती. वरच्या पटाशीच्या दातांमध्ये चांगली फट, दोन्ही बाजूचे दात बाहेर फाकलेले. शाळेत पोरं चिडवायची. एका दवाखान्यात नेलं, तिथे दोन मिनिटांत 'तारा लावून टाकू' असं ठरलं आणि हप्त्यांचा कागदही हातात आला. सूनबाई तयार, आम्हीही तयार. पोरगी रडते ते बघवत नव्हतं. पण विहीणबाई म्हणाल्या, आणखी एका डॉक्टरना विचारा. त्या दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टनी बोटाने वरची हिरडी चाचपली, एक्स-रे बघितला आणि सांगितलं की आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी आणा.

कारण काय, ते समजून घ्या. वरचे सुळे हिरडीत उंचावर तयार होतात आणि अकराव्या-बाराव्या वर्षी खाली येतात. येताना ते शेजारच्या दातांची मुळं आत ढकलतात, त्यामुळे त्या दातांची टोकं बाहेर फाकतात आणि मध्ये फट दिसते. सुळे जागेवर आले की बहुतेक मुलांची फट आपोआप मिटते. दंतवैद्य या अवस्थेला 'कुरूप बदकाचं पिल्लू' म्हणतात, गोष्टीतलंच. आता कुणी म्हणेल, मग दाखवायचं तरी कशाला? कारण कधी कधी दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात अडकलेला असतो, कधी फट फार मोठी असते, आणि ती मिटत नाही. दहाव्या वर्षाच्या सुमाराला सुळ्याचा उंचवटा हिरडीवर दोन्ही बाजूंना हाताला लागायला हवा. एकाच बाजूला लागला तर तपास करावा लागतो. म्हणजे थांबायचं, पण बघून थांबायचं.

आता दुसरी गोष्ट, ही उलटी. आमच्याच आळीत एक मुलगा आहे. त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यायचे, हनुवटी जरा पुढे. सगळे म्हणायचे, आजोबांवर गेलाय. आम्हीही कौतुकाने तेच म्हणायचो, हे कबूल करतो. पंधराव्या वर्षी त्याला दाखवलं. वरचा जबडा मागे राहिला असेल तर तो चेहऱ्यावर लावायच्या उपकरणाने पुढे ओढता येतो, पण त्याला हाड वाढतं असायला लागतं आणि साधारण दहाव्या वर्षाच्या आत त्याचा गुण चांगला येतो. आता त्या मुलाला वाढ थांबेपर्यंत वाट बघून जबड्याच्या ऑपरेशनचा विचार करावा लागणार आहे. लहानपणी उपचार झाले असते तर ऑपरेशन नक्की टळलं असतं, असं कुणीच सांगू शकत नाही. पण तो प्रयत्न करायचा की नाही, हा प्रश्नसुद्धा आपण त्याच्या आईबापांसमोर येऊ दिला नाही. त्याला भेटलो की आमची मान खाली जाते.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करा म्हणते. सातच का? तोवर पहिली कायमची दाढ आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतात ते दिसतं. या दाढेची एक गंमत आहे. ती सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे येते, कुठलाही दात न पडता. त्यामुळे घरी कुणाला पत्ताच लागत नाही. किडली तरी 'दुधाची आहे, पडेल' म्हणतात. मंडळी, ती पडायची नाही, ती जन्माची आहे. आपल्या आगाशीची सुकेळी आम्हालाही प्रिय, पण ती दाढेच्या खाचेत कशी चिकटून बसते ते ठाऊक आहे ना?

आणि दुधाच्या दाढासुद्धा दहा ते बारा वर्षांपर्यंत हव्यात. त्या पुढच्या उपदाढांची जागा धरून ठेवतात, बसमध्ये रुमाल टाकतात तसं. आमची अशी एक दाढ लहानपणीच उपटली, मागची दाढ पुढे सरकली आणि उपदाढ बिचारी टाळूच्या बाजूने उगवली. सत्तर वर्षं झाली, अजून तिथे शेंगदाणा अडकतो. आज अशा वेळी जागा राखायला एक छोटी तार बसवतात.

मग सगळंच लवकर केलेलं बरं का? नाही. वरचे दात फार पुढे आलेल्या मुलांवर नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा आणि ब्रिटनमध्ये चाचण्या झाल्या. काहींना लहानपणी एकदा आणि पुढे पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार दिले, काहींना वयात येताना एकदाच. शेवटी दात जवळपास सारखेच बसले. फरक एवढाच की लवकर उपचार झालेल्यांच्या पुढच्या दातांना इजा कमी झाली. म्हणजे पडणारं-धडपडणारं पोर असेल तर विचार करा, नाहीतर थांबायला हरकत नाही. डॉक्टरना सरळ विचारा: आत्ता नाही केलं तर नेमकं काय बिघडेल? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरीकडे दाखवा. खर्चाची काळजी असेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, 1933 पासूनचं, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. आपल्या वाड्यांतली फुलं रोज पहाटे दादरला जातात, मुलाला घेऊन तिथून थोडं पुढे जायला काय हरकत आहे!

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: पाच वर्षांची मुलगी अंगठा चोखते, कडुलिंब लावू का? ताई, बहुतेक मुलं चौथ्या वर्षापर्यंत आपणहून सोडतात. तुमची कायमचे दात यायच्या आत सुटली तर दातांवर झालेला परिणाम बराचसा भरून येऊ शकतो. आधी ती कधी चोखते ते बघा, झोपताना, की कुणी रागावल्यावर. कडुलिंब राहू द्या, मारूही नका. सहावं लागलं आणि तरी चालूच असेल तर दाखवून घ्या.