पुराचा मेसेज फळ्यावर

जुलै उजाडला की कोल्हापुरात पंचगंगेच्या पाण्याबरोबर मोबाइलवरचे मेसेजही चढू लागतात. अमुक धरण फुटले, तमुक पूल गेला, रात्रीत गाव सोडा. यातला खरा कोणता आणि खोटा कोणता, हे आपल्या मुलांना ओळखता येते का? डिजिटल साक्षरता म्हणतात ती हीच. मोबाइल आणि इंटरनेट समजून, सांभाळून आणि दुसऱ्याला इजा न करता वापरता येणे, एवढाच तिचा अर्थ.

ती शिकवायला आपल्याला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. शाळेत संगणककक्ष नसला तरी चालते. सहावी ते नववीच्या वर्गासाठी आठवड्याचा एक तास, एक फळा आणि शिक्षकाचा एक फोन पुरतो. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून सायबर गुन्ह्यांवर व्याख्यान ठेवले की काम झाले असे बऱ्याच शाळांना वाटते. मुले ते ऐकून घाबरतात आणि संध्याकाळी घरी जाऊन कालच्यासारखाच फोन वापरतात. पोहणे जसे पाण्यात उतरून येते, तसेच हेही करून बघूनच येते.

पहिल्या तासाला काहीच शिकवू नका, फक्त विचारा. नाव न लिहिता चिठ्ठीवर उत्तरे घ्या: घरात फोन कुणाचा आहे, तुम्ही तो कधी वापरता, कोणती ॲप उघडता, कधी भीती वाटली का. खेड्यातल्या शाळेत बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोन नसतो. वडिलांचा किंवा आजोबांचा फोन संध्याकाळी हाती येतो आणि त्यातच बँकेचे खातेही असते. हे कळल्याशिवाय पुढचा धडा ठरवता येत नाही. चिठ्ठ्या वाचून कुणाचे अक्षर ओळखायला मात्र जाऊ नका. एकदा मुलांचा विश्वास गेला की पुढच्या तासांना ती खोटीच उत्तरे देतील.

दुसरी पायरी पैशांची, कारण मोठ्यांचे मोबाइलवरचे व्यवहार आता बरेचदा मुलेच करून देतात. 1998 मध्ये वारणा खोऱ्यातल्या सुमारे 70 गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून संगणक केंद्रे आली, तेव्हा केंद्रावरचा चालक शेतकऱ्याला उसाची माहिती वाचून दाखवायचा. आज घराघरांत तेच काम शाळकरी मुले करतात. आजीचा मेसेज वाचणे, फॉर्म भरणे, दुकानात क्यूआर कोड स्कॅन करणे हे सगळे त्यांच्याकडे असते. म्हणून त्यांना ओटीपी म्हणजे काय ते सांगा: एकदाच चालणारी, फोनवर आलेली गुप्त किल्ली. मग सर्वांत जास्त फसवणूक होते ती जागा दाखवा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’ असे कुणी म्हटले की तो पैसे काढून घेतोय. वर्गात एकाला आजी करा, एकाला फोनवरचा भामटा करा आणि हे संभाषण घडवून आणा. मुलांना हा खेळ आवडतो आणि घरी जाऊन ती आजीलाही शिकवतात.

आता पुराचा मेसेज घ्या. या पायरीला दोन-तीन तास द्यावेत, कारण सगळी पारख इथे शिकता येते. फळ्यावर एक बनावट मेसेज लिहा: ‘राधानगरीचे 10 दरवाजे उघडले, दोन तासांत कोल्हापूर पाण्याखाली, सर्व ग्रुपवर पाठवा.’ मुलांना त्यात खोट शोधू द्या. कुणी पाठवला, त्याचे नाव नाही. कोणत्या दिवशी, त्याची तारीख नाही. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे सातच आहेत, मग दहा कुठले? ‘सर्वांना पाठवा’ अशी घाई कशासाठी? आपल्या भागातल्या मुलांना यातले बरेच आधीपासून माहीत असते. आपली माहिती आपणच वापरायची असते, हे त्यांना इथे पहिल्यांदा उमगते.

मग खरी माहिती कुठे मिळते ते दाखवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. जिल्हा प्रशासनाकडून आलेला आकडा वर्गात रोज एका मुलाने फळ्यावर लिहावा. महिनाभर असे केले की फॉरवर्ड झालेल्या मेसेजमधला आकडा बरोबर आहे का, हे मुले स्वतःच पडताळू लागतात. व्हिडिओचेही तसेच. 2019 किंवा 2021 च्या महापुराचे जुने चित्रण ‘आत्ताचे’ म्हणून फिरते. त्यातल्या पाट्या, गाड्या, दुकानांची नावे बारकाईने बघायला लावा. गुगल लेन्सने चित्र शोधले तर ते आधी कुठे आले होते, हे बरेचदा कळते.

याच टप्प्यावर शिकवणाऱ्याची मोठी चूक होते. ‘व्हॉट्सॲपवरचे काहीच खरे नसते’ असे सांगून तो मोकळा होतो. पण पूर येणाऱ्या प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीसारख्या गावातल्या घराला वेळेत आलेला खरा इशारा माणसे आणि जनावरे वाचवतो. त्यावर विश्वास ठेवून हललेच पाहिजे. आपल्याला मुलांना पारखायला शिकवायचे आहे, संशयी करायचे नाही.

पारख न करता मेसेज पुढे ढकलला तर काय होते, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगायला हवे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना मारून टाकले. भिक्षा मागून जगणारी ती माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली होती. देशात अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. असा मेसेज आता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तो बाण मुलांना प्रत्यक्ष दाखवा.

पुढची पायरी स्टेटसची. ‘चोवीस तासांनी जाते’ म्हणून मुले स्टेटस हलक्यात घेतात. पण कुणीही त्याचा स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचा फोटो, काढून ठेवू शकतो आणि तो कायम राहतो. 7 जून 2023 ला आपल्याच कोल्हापूर शहरात काही आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावे लागले. हा विषय टाळावा असे शिक्षकांना वाटते. मला वाटते, टाळू नये. कोण बरोबर, हा वाद वर्गात काढायचा नाही. एवढेच विचारायचे: हे स्टेटस ज्याला लागेल असा मित्र आपल्या बाकावर बसला असता, तर आपण ते लावले असते का?

फोटो आणि वयाबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामला किमान 13 वर्षांची अट आहे. मुले जन्मसाल खोटे टाकतात आणि मग ते ॲप त्यांना मोठे समजूनच वागवते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे प्रत्येकजण मूल धरले आहे. म्हणून शाळेनेही स्वतःकडे बघावे. पालकांच्या ग्रुपवर मुलांचे गुण, पत्ते आणि फोटो बिनदिक्कत टाकायचे आणि मुलांना मात्र गोपनीयता शिकवायची, हे जुळत नाही.

मेसेजसारखीच यंत्राची उत्तरेही पारखायला हवीत. कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे माणसासारखी उत्तरे लिहिणाऱ्या संगणकप्रणालीला, आपल्या गावाची माहिती विचारा. तिच्या उत्तरात कुठे चुका आहेत का, ते मुलांना तपासू द्या. ठाम सांगितलेले सगळे खरे नसते, हे ती पटकन शिकतील.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: काही बिघडले तर सांगणे. मुले सांगत नाहीत, कारण फोन काढून घेतील किंवा मार बसेल अशी भीती असते. धमकी देणारा याच भीतीवर जगतो. म्हणून पालकसभेत एक गोष्ट आधी ठरवून घ्या: जे मूल स्वतःहून सांगेल, त्याला शिक्षा नाही. मग मुलांना क्रम शिकवा. धमकीला उत्तर देऊ नये, पैसे देऊ नयेत, मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट घ्यावा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवावा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन करावा. जितका लवकर, तितके ते पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मुलाच्या छळाचा प्रश्न असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदतक्रमांक. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणे शिक्षकावर बंधनकारक आहे. ते शाळेत आपापसांत मिटवायचे प्रकरण नाही.

शेवटी घर. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही, मोबाइल बंद. मला यात भोंग्यापेक्षा मोलाचे वाटते ते हे, की मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा. आई-वडील रील्स बघत असताना मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणण्यात अर्थ नसतो. पालकसभेत अर्ध्या तासापासून सुरुवात करा आणि महिन्याने कोणत्या घरात ते टिकले ते मुलांनाच विचारा.

आणि उद्याच एक काम करा. वर्गाच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 1930 आणि 1098 हे दोन क्रमांक ठळक लिहा. फळा पुसणाऱ्या मुलांना तेवढा कोपरा राखायला सांगा.