फर्मा, सूप आणि बोटं

बिडी वळणारी बाई बसली की तिच्या मांडीवर सूप येतं. सुपात एका बाजूला जर्दा, म्हणजे बारीक केलेली तंबाखू. दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. कात्री, दोऱ्याची रीळ आणि पत्र्याचा लांबट चौकोनी तुकडा, ज्याला फर्मा म्हणतात. फर्मा पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची, जाड शीर चुकवायची. कापलेली पत्ती डाव्या हातात धरून तिच्यावर जेमतेम पाव ग्रॅम जर्दा पसरायचा, तिरकं वळायचं, रुंद तोंड नखानं आत दुमडायचं आणि दोऱ्याचा वेढा मारायचा. हे सगळं होतं तोवर बाईची नजर दारातून आत येणाऱ्या नातवावर असते. हाताकडे बघावं लागत नाही.

आपण ज्याला साधी बिडी म्हणतो ते धूर ओढायचं एक यंत्रच आहे. फर्मा सोडला तर ते कोणत्याही मापाशिवाय जुळवलं जातं. जर्दा घट्ट भरला तर ओढताना गाल बसतात. सैल भरला तर बिडी पोकळ होऊन निखारा गळतो. पान फार कोरडं असेल तर वळतानाच चिरतं, फार ओलं असेल तर पुढे बुरशी धरतं. हवा किती आत येईल, धूर किती गार होईल, हे त्या बोटांनी ठरवलेलं असतं.

परदेशात इलेक्ट्रॉनिक सिगारेट ओढणारे काही हौशी लोक नेमकी हीच खटपट करतात. टाकीची हवेची भोकं मोठी करतात, तार स्वतः गुंडाळून वेटोळं बनवतात, त्यात कापसाची वात ओवतात. आपल्याकडे 2019 सालच्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, साठवण, जाहिरात, सगळंच बंद केलं. तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण हौशी माणसाला वेटोळं जमलं की त्याचं कौतुक होतं, आणि बिडी वळणाऱ्या बाईला मात्र अकुशल मजूर म्हणतात, हे मला पटत नाही.

या बाया वळतात त्या तेंदूपत्त्याचं घर म्हणजे आमचा हा बालाघाटचा पट्टा. भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून 1867 साली बालाघाट जिल्हा झाला आणि 1956 पर्यंत तो नागपूर, भंडाऱ्यासोबत एकाच प्रांतात नांदला. म्हणून वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आजही मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. निम्म्याहून जास्त जिल्हा जंगलाखाली आहे. बैहरकडच्या बैगा आणि गोंड घरांत कारखान्याची बिडी येण्याआधीपासून चोंगी होती. पान निमुळतं गुंडाळून त्यात तंबाखू भरायची आणि निखारा लावायचा. स्वतःच्या ओठांना जुळेल तशी, स्वतःच्या हातानं. कारखान्याच्या बिडीचं मूळ मला तिच्यातच दिसतं.

व्यापाराचं रूप बिडीला नंतर आलं. गुजरातेतून आलेल्या मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपुरात धंदा उभारला. स्वदेशीच्या लाटेत बिडीला मान मिळाला आणि रेल्वेमुळे पानं लांबवर जाऊ लागली. गोंदियात तर बिडीनं शहरच घडवलं. मनोहरभाई पटेलांनी या धंद्यातून उभं राहून 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था सुरू केली. गावखेड्यातल्या किती मुलांची पदवी त्या पैशातून आली, याची मोजदाद कुणी केलेली नाही. करायला हवी.

पानाचा हंगाम मात्र छोटा. उन्हाळा चढायच्या आधी झुडपं छाटतात, म्हणजे नवा कोवळा फुटवा एकसारखा येतो. मग एप्रिलअखेर ते जूनच्या तोंडापर्यंत अख्खं घर पहाटे जंगलात. मोह फुललेला असेल तर अस्वलाची भीती, कान्हाच्या बाजूला वाघाचीही. दुपारी परत येऊन ओसरीवर पन्नास पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून देतात. फडावर त्या उन्हात मांडून वाळवतात. मध्येच वळवाचा पाऊस आला की डाग पडतात आणि माल उतरतो.

मध्य प्रदेशानं 1964 साली कायदा करून हा व्यापार सरकारच्या हाती घेतला. एका मानक बोऱ्यात एक हजार गड्ड्या, म्हणजे पन्नास हजार पानं. 2024 साली बोऱ्याचा दर चार हजार रुपये झाला. म्हणजे एका पानाचे आठ पैसे. नफ्यातून बोनसही मिळतो, पण पहाटेच्या त्या चालण्याचा हिशेब आठ पैशांपासून सुरू होतो.

वळणारीचा हिशेब हजारावर. हजार बिड्यांची मजुरी, त्यातून छाट वजा. सट्टेदारानं, म्हणजे मधल्या ठेकेदारानं, टोपली पालथी करून ज्या बिड्या सदोष ठरवल्या त्यांचे पैसे बुडाले. 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं अशा छाटीला मर्यादा घातली. घरी काम करणाऱ्या बाईचंही नाव नोंदवावं असंही सांगितलं. कागदावर. कित्येक घरांत नोंदवहीत नाव नवऱ्याचं आणि बोटं बायकोची.

बिडी आरोग्याला घातकच आहे. तिचं पान हवा आत येऊ देत नाही, म्हणून ती सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. त्यामुळे ओढणाऱ्याच्या छातीत सिगारेटपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर जातं. वळणारीच्या छातीत जर्द्याची धूळ जाते. पोटाशी झोपवलेल्या बाळाच्याही. या कारागिरीचं मला कौतुक आहे म्हणून तिचा धूर मी झाकून ठेवणार नाही. ओढणारे कमी होवोत, हे मनापासून वाटतं.

पण ओढणारे कमी होताना वळणारीचं काय? तिच्यासाठी 1976 साली बिडी कामगार कल्याण निधी निघाला. बिडीवरच्या उपकरातून दवाखाना, घरकुल, मुलांची शिष्यवृत्ती असा खर्च व्हायचा. 2017 साली जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. आता निधीला स्वतःचं हक्काचं उत्पन्न नाही. बिडीवर कर आजही वसूल होतोच. त्यातला ठरावीक हिस्सा कायद्यानं या बायकांच्या नावे बांधून द्या. आणि नोंदवहीत नवऱ्याचं नाव खोडून तिथे तिचं नाव लिहा.