न लवणारी पापणी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सकाळी बसतात ती रात्रीच उठतात. नोट्स पीडीएफमध्ये, व्याख्यानं यूट्यूबवर, सराव चाचण्या अ‍ॅपवर. त्यामुळे पुस्तक मिटलं तरी नजर पडद्यावरच असते. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, कचरा गेल्यासारखे खुपतात, अक्षरं मध्येच पुसट होतात आणि पापण्या दोन-चारदा मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसू लागतात. यावर चष्म्याच्या दुकानात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘ब्लू कट’ काचा. पडद्यातला निळा प्रकाश डोळे बिघडवतो, हा त्यामागचा समज. माझ्या मते इथे आरोपी चुकीचा पकडला गेला आहे, आणि खऱ्या कारणाचा माग त्या शेवटच्या तक्रारीतच लागतो: पापणी मिटल्यावर अक्षरं स्पष्ट का होतात?

बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात बुबुळाला चिकटून राहणारा श्लेष्मा असतो, पाणी असतं आणि सर्वांत वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पाण्याला उडून जाण्यापासून रोखतं. पापणी लवते तेव्हा हा थर नव्याने सारवला जातो. एरवी आपली पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते. पडद्यावर लक्ष खिळलं की हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. मग थर जागोजागी फाटतो, नजर पुसट होते आणि उघड्या पडलेल्या बुबुळाची आग होते. ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी वाहतं, मग ते कोरडे कसे?’ असं अनेकजण विचारतात. ते पाणी आग झाल्यामुळे अचानक सुटलेलं असतं. ते गालावर ओघळून जातं, थर म्हणून टिकत नाही. दुसरीकडे, जवळचं पाहताना डोळ्यातला एक स्नायू सतत आवळलेला असतो. डोकं जड होण्यात त्याचाही वाटा आहे.

निळ्या प्रकाशाविरुद्धचा पुरावा मात्र लंगडा आहे. भर दुपारी रस्त्यावर आपल्याला त्याचा जेवढा मारा होतो, त्याचा अगदी अल्प अंश पडद्यातून येतो. कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये 17 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा ताण निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही. यावर कोणी म्हणेल, पापणीच कारण असेल तर पुस्तक वाचतानाही तेच व्हायला हवं. आक्षेप रास्त आहे, आणि बऱ्याच अंशी तसं होतंही. एकच मजकूर कागदावर आणि संगणकावर वाचायला देऊन केलेल्या एका प्रयोगात पापण्या लवण्याचा वेग जवळपास सारखाच निघाला. पडद्यासमोर अर्धवट मिटणाऱ्या पापण्या तेवढ्या जास्त होत्या. म्हणजे दोष मुख्यतः एकटक पाहण्याचा. मोबाईल मात्र पान उलटण्याची उसंतही देत नाही.

‘परीक्षा तोंडावर असताना पडदा सोडायचा कसा?’ तो सोडण्याची गरजच नाही. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहण्याचा नियम सर्वश्रुत आहे. त्यातल्या आकड्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही, पण हा नियम निरुपद्रवी आहे. त्या वेळात पापण्या दहा वेळा पूर्ण, सावकाश मिटल्या तर तो जास्त कामाचा. लॅपटॉप उंच ठेवला की डोळे अधिक उघडे राहतात आणि पाणी लवकर उडतं. म्हणून पडद्याचा मध्य नजरेच्या थोडा खाली हवा. अभ्यासिकेत पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येणारी जागा टाळावी, हे तर ‘ब्लू कट’पेक्षा कितीतरी स्वस्त. चष्म्याचा नंबर तपासलेला नसेल तर आधी तो तपासावा, कारण थोडासा न सुधारलेला नंबरही हाच त्रास देतो. आणि औषधांच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत: लाली घालवणारे थेंब सोडले की लाली पुन्हा उसळू शकते, तर स्टेरॉइडचे थेंब देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. निव्वळ कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब असतात. तेही दिवसातून अनेकदा लागत असतील, तर परिरक्षक नसलेले कोणते घ्यायचे हे नेत्रतज्ज्ञांना विचारावं.