बसून एकदा, उभे राहून एकदा

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी पाच राज्यांतून निवडलेल्या २५ जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्गाचाही समावेश होता. सिंधुदुर्ग हा वयस्करांचा जिल्हा आहे. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१ वर आली, आणि घटीचे एक मोठे कारण म्हणजे कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला किंवा गोव्याला गेली आणि घर, काजूची बाग व देवघर सांभाळायला आईवडील मागे राहिले. १९९९ मध्ये सावंतवाडीपासून वेगळा झालेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी तिळारीच्या खोऱ्यात पसरलेला आणि गोव्याच्या हद्दीला भिडलेला दोडामार्ग तालुका या स्थितीचा सर्वांत बोलका नमुना आहे, आणि उतारवयातील रक्तदाबाचा प्रश्न येथे जसा उभा राहतो तो समजून घेतला तर कोकणातील बहुतेक गावांचा प्रश्न समजतो.

रक्तदाब म्हणजे वाहत्या रक्ताचा रोहिणीच्या भिंतीवर पडणारा दाब. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर फेकते त्या क्षणीचा दाब हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हा रोहिणीत उरलेला दाब हा खालचा आकडा. दोन्ही पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगितले जातात. तरुण माणसाची महारोहिणी लवचिक असते, ती प्रत्येक ठोक्यासरशी थोडी फुगते आणि धक्का पचवते. वयाबरोबर तिच्या भिंतीतील लवचिक तंतू झिजतात, त्यांची जागा ताठर तंतू घेतात, काही ठिकाणी कॅल्शियम साचते, आणि मग तोच ठोका कडक नळीत आदळल्यासारखा होऊन वरचा दाब चढतो. खालचा दाब मात्र साधारण पन्नाशी-साठीनंतर उतरू लागतो, कारण फुगलेली नळी पूर्ववत होताना जो दाब टिकवून धरायची तो आता टिकत नाही. म्हणून सत्तरीच्या माणसाचा रक्तदाब १६४/७२ असा निघतो आणि ‘खालचा तर चांगला आहे’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात दोन आकड्यांतील हे वाढलेले अंतरच रोहिण्या ताठरल्याची खूण असते, आणि उतारवयात पक्षाघाताचा धोका प्रामुख्याने वरच्या आकड्यावरून ओळखला जातो.

‘वय अधिक शंभर’ इतका वरचा दाब म्हाताऱ्या माणसाला चालतो, ही समजूत एके काळी डॉक्टरांमध्येही होती आणि गावोगावी ती अजून ऐकू येते. ती चुकीची ठरली, आणि ती कशी चुकीची ठरली हे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत साठीपुढील ४,७३६ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांचा फक्त वरचा दाब वाढलेला होता, आणि औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही ऐंशीपुढच्या माणसाला औषध द्यावे का, ही शंका उरलीच होती. तिचे उत्तर २००८ मध्ये ‘हायव्हेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने दिले. ८० किंवा अधिक वयाच्या ३,८४५ जणांपैकी निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली, औषधाच्या गटाचा दाब १५०/८० पर्यंत आणण्याचे ठरले, आणि त्या गटातील मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने कमी होत आहेत असे दिसल्यावर चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. या चाचणीतील वृद्ध तुलनेने धडधाकट होते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. अंथरुणाला खिळलेल्या, वारंवार पडणाऱ्या किंवा स्मृती हरवलेल्या माणसासाठी उद्दिष्ट थोडे सैल ठेवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात तो त्यामुळेच. इतरांसाठी सरकारी उपक्रमात धरलेली मर्यादा सोपी आहे : १४०/९० च्या खाली.

साठीपुढील किती जण या मर्यादेबाहेर आहेत? २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वार्धक्य पाहणीत साठीपुढील सुमारे ३२ टक्के लोकांनी आपल्याला उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाल्याचे सांगितले. ज्यांच्या दंडाला कधी पट्टाच लागला नाही ते या आकड्याबाहेर राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतील जेमतेम ३७ टक्क्यांना तो असल्याचे निदान झालेले आहे.

मोजणे हाच या आजाराचा पाया असल्यामुळे मोजण्याच्या रीतीकडे जरा थांबून पाहायला हवे. दोडामार्गातील वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. उपकेंद्रात आलेले माणूस बहुधा घाटी चढून, एसटीतून उतरून किंवा उन्हातून चालून आलेले असते, आणि आल्या आल्या दंडाला पट्टा बांधला की येणारा आकडा त्या चढणीचाही असतो. पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला आधार असणे, पावले जमिनीवर टेकलेली असणे, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवणे, लघवी तुंबलेली नसणे, पट्टा कपड्यावरून न बांधता उघड्या दंडाला बांधणे आणि मोजताना न बोलणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण त्यांतील एकेक चूक आकडा पाच ते दहा मिलिमीटरने सहज चढवते. अर्ध्या तासाच्या आत घेतलेला चहा किंवा लावलेली मशेरी हीसुद्धा दाब वाढवते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती लावणाऱ्या वयस्क बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाहीत म्हणून हा प्रश्न त्यांना मुद्दाम विचारावा लागतो. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांचा दाब घ्यावा आणि पुढे ज्या दंडाचा अधिक असेल त्यावरच मोजावे.

दवाखान्यातील धास्तीने काहींचा दाब तेवढ्यापुरता वाढतो, तर काहींचा दवाखान्यात नेमका चांगला येतो आणि घरी चढलेला राहतो. यावर उपाय म्हणजे घरचे, दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र. मनगटावरची यंत्रे वृद्धांसाठी भरवशाची नसतात. डॉक्टरांना दाखवण्यापूर्वी सलग सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोनदा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी, आणि ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक भरली तर दाब खरोखर वाढलेला आहे असे समजावे. नाडी अनियमित असेल तर यंत्र फसते, आणि तशी नाडी स्वतःच पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते, म्हणून आकडे दर वेळी फार वेगळे येत असल्यास यंत्राला दोष देऊन थांबू नये, डॉक्टरांना सांगावे.

उतारवयातील रक्तदाबाची दुसरी बाजू मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते, आणि ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. माणूस उठून उभे राहते तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते. तरुण शरीर क्षणार्धात रक्तवाहिन्या आवळून ते सावरते, म्हाताऱ्या शरीराला तेवढी चपळाई उरत नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला तर त्याला उभ्या स्थितीतील रक्तदाब-घसरण म्हणतात. पहाटे लघवीला उठलेल्या माणसाला घेरी येते, पडवीच्या पायरीवर तोल जातो आणि मांडीच्या हाडाची मान मोडते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. ज्याचा दाब बसून १५० आणि उभे राहून ११८ आहे त्याच्या गोळ्या नुसत्या बसलेल्या आकड्यावरून वाढवल्या तर पक्षाघात टळण्याआधी हाड मोडेल. म्हणून साठीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब बसून एकदा आणि उभे राहून, एका व तीन मिनिटांनी, पुन्हा मोजायला हवा. त्याला खर्च काही येत नाही, फक्त चार मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत, आणि म्हणून हे मोजणे रुग्णाने किंवा त्याच्याबरोबर आलेल्याने मागून घेतले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत, काजू गोळा करण्याच्या दिवसांत, घामावाटे पाणी आणि मीठ जात असताना लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ही घसरण अधिक जाणवते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आहाराबाबतचा सल्ला बहुतेक ठिकाणी ‘मीठ कमी करा’ या तीन शब्दांत आटोपला जातो, आणि कोकणात तो निरुपयोगी ठरतो, कारण येथे मीठ मिठाच्या रूपाने पानात येतच नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते त्या दिवसांसाठी बांगडा चिरून, पोटात मीठ भरून, थरावर थर लावून खारवला जातो. निखाऱ्यावर भाजलेल्या त्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा आणि गरम पेज हे म्हाताऱ्या माणसाचे आवडते, सोपे आणि स्वस्त जेवण असते. सोलकढीसाठी बाटलीत भरून ठेवलेले कोकमाचे आगळ टिकते ते मिठामुळेच. त्यात लोणचे, पापड, सांडगी मिरची यांची भर पडते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला घालून दिलेली पाच ग्रॅमची, म्हणजे एका लहान सपाट चमच्याची मर्यादा भाजीत चिमूटभर मीठ पडण्यापूर्वीच संपते. खारा बांगडा ताटातून कायमचा काढा, असे सांगणे वयस्क माणसाच्या जिभेवर अन्याय करणारे आहे. तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन, भिजवून, आठवड्यातून एखाद्या वेळी खावा, पेजेत वेगळे मीठ घालू नये आणि आगळाऐवजी बिनमिठाची सुकी आमसुले भिजवून कढी करावी, एवढे सहज जमण्यासारखे आहे. चीनमध्ये ६०० गावांतील सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा टेल्मीसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

औषधे महाग नाहीत आणि गूढही नाहीत. उपक्रमात मुख्यतः तीनच प्रकार वापरले जातात : रक्तवाहिन्या सैल करणारे अम्लोडिपिन, मूत्रपिंडातून सुरू होणारी दाबवाढीची साखळी तोडणारे टेल्मीसार्टन, आणि जादा मीठ-पाणी बाहेर टाकणारे लघवीचे औषध. पहिल्याने काहींचे घोटे सुजतात, दुसऱ्यासाठी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते, तिसऱ्याने वृद्धांमधील सोडियम कधी कधी इतके उतरते की माणूस असंबद्ध बोलू लागते. हे परिणाम सांगितले तर घरातले घाबरून गोळी बंद करत नाहीत, दवाखान्यात येतात. खरा घात दोन सवयी करतात. एक, ‘माका आता बरा वाटता, गोळी कित्याक?’ असे म्हणून औषध सोडणे. दाब नियंत्रणात आहे तो गोळीमुळे, आणि वाढलेला दाब बहुधा काहीच दुखवत नसल्यामुळे तो परत चढल्याचे कळतही नाही. दुसरी सवय म्हणजे गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेणे. त्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, दाबाच्या गोळीचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात.

उपक्रमाने सिद्ध केलेली गोष्ट अशी की रक्तदाब आटोक्यात आणायला मोठे रुग्णालय लागत नाही. ठरलेली औषधयोजना, न खंडणारा पुरवठा आणि घराजवळ मोजणारे माणूस लागते. चार राज्यांतील २४ निवडक दवाखान्यांत नोंदल्या गेलेल्या २१,८९५ रुग्णांपैकी जे पुन्हा तपासणीला आले त्यांतील २६ टक्क्यांचा दाब सुरुवातीला नियंत्रणात होता, तो नंतरच्या भेटीपर्यंत जवळपास ६० टक्क्यांचा झाला. दोडामार्गसारख्या तालुक्यात हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि आशा सेविका यांच्यावर उभे आहे, आणि उपचारांची साखळी तुटते ती पावसाळ्यात, कॉजवेवरून पाणी जाऊन वाडीचा रस्ता बंद होतो तेव्हा. गंभीर रुग्णासाठी ओढ असते गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे. १ जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात उमटलेला संताप या परावलंबनाची खोली दाखवणारा होता. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत आणि मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावरच देता येते, आणि घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून तेवढ्या वेळात पोहोचणे सोपे नाही. अशा भूगोलात पक्षाघात होऊ न देणे हाच सर्वांत खात्रीचा उपचार आहे.

त्यासाठी मुंबईत किंवा म्हापशात राहणाऱ्या मुलांनी चतुर्थीला गावी येताना दंडावर बांधायचे यंत्र आणावे, एक वही घालावी, आईवडिलांचा दाब स्वतः बसून आणि उभे राहून मोजून पहिले दोन आकडे तीत लिहावेत, आणि पुढचे आकडे दर आठवड्याला फोनवर विचारावेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करायचा, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. आणि मे महिन्याच्या अखेरीस, कौले परतून आणि लाकूडफाटा भरून होतो त्याच सुमारास, आरोग्य केंद्रातून पावसाळ्यापुरत्या गोळ्या घरात आल्या आहेत का, हे एकदा विचारून घ्यावे.