खावटी आषाढातच हवी

सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांत राहणाऱ्या अनेक भिल्ल व पावरा कुटुंबांच्या कणग्या आषाढ लागता लागता तळाला जातात. पेरणीत हातचे पैसे संपलेले असतात आणि नवा मका घरात येण्यास भाद्रपद-आश्विन उजाडावा लागतो. या मधल्या दिवसांत पोट भरण्यासाठी घेतली जाणारी उचल म्हणजे खावटी. ती सावकाराकडून घ्यावी लागू नये, म्हणून राज्य शासनाने 1978 साली खावटी कर्ज योजना सुरू केली. पुढे कर्जे थकली, वसुली होईना, आणि योजनाही थांबली.

करोनाच्या संकटात, 2020 साली, तिचे अनुदानात रूपांतर झाले. कुटुंबामागे 4000 रुपये. निम्मे बँकेच्या खात्यात, निम्मे वस्तुरूपाने. कर्जाचा जाच गेला, हे स्वागतार्हच होते. परंतु निर्णय 2020 चा आणि वाटप 2021 मधले. म्हणजे ज्या पावसाळ्यात मजुरी बुडाली होती, तो पावसाळा कोरडाच गेला. भूक सरकारी वर्षाचा हिशेब पाळीत नाही, हे मंत्रालयाला नव्याने सांगावे लागावे, याचे आश्चर्य वाटते.

वस्तूंची गोष्ट तर याहून विचित्र. तूरडाळ, उडीदडाळ, शेंगदाणा तेल, मिरची पूड यांची एकच पिशवी साऱ्या राज्यासाठी मुंबईत ठरली. उडीद आणि तूर खानदेशात पिकतात. नंदुरबारच्या मिरचीची ख्याती तर सर्वश्रुत आहे. मग तालुक्यातील महिला बचत गटांनी हा माल जमवून दिला असता, तर अनुदानाचा काही भाग गावातच खेळता राहिला नसता काय? मोठ्या निविदेत दर कमी पडतो, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण उशिराची किंमत त्या दरात कोणी धरीत नाही.

गावावर विश्वास टाकण्याचा प्रयोग शासनाने केलाच नाही, असे मात्र नव्हे. 2015 मध्ये अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत शिजवलेल्या जेवणाचा निधी गावच्या आहार समितीकडे जातो. खरेदी गावात होते, चूल गावातच पेटते. तेथेही निधी लांबला की अंगणवाडी सेविकेला वाण्याकडे उधारी करावी लागते, आणि वाणी तरी किती दिवस थांबणार? साक्री तालुक्यातील बारीपाड्याने तर स्वतःचे जंगल राखून दाखविले. तेथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. अशा गावांना धान्य साठविणे आणि वाटणे जमणार नाही, असे कोण म्हणेल?

तेव्हा खावटीचे अनुदान पुन्हा द्यावयाचे, तर ते यावल आणि धुळे येथील प्रकल्प कार्यालयांमार्फत मे महिन्याअखेर ग्रामसभेच्या खात्यावर जमा व्हावे. धान्य हंगामात, भाव उतरलेले असताना, गावानेच घ्यावे. वाटपाची यादी ग्रामसभेत वाचली जावी. तपासणी शासनाने जरूर करावी, पण ती पावसाळ्यानंतर.