हात बाहेरचे, हुकूम आतला
लेखमाला : धंद्याची नीती (लेखांक ५)

भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीच्या शिवारात ऊस तोडणीला आला, तरी तो कधी तोडायचा हे शेतकऱ्याच्या हातात नसते. कारखान्याचा शेतकी विभाग लागवडीच्या नोंदीप्रमाणे क्रम लावतो, तोडणीची चिठ्ठी निघते आणि मग टोळी फडात उतरते. ऊस जमिनीसरसा तोडायचा, पाचट सोलायचे, शेंड्याचे वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. आज कोणत्या फडाला कोयता लावायचा, गाडी कधी रवाना करायची, पाचट किंवा माती राहिली तर वजनातून किती कापायचे, हे सगळे कारखाना ठरवतो. वजनही त्याच्याच काट्यावर होते. कारखान्याच्या हजेरीपटावर मात्र टोळीतल्या एकाचेही नाव सापडत नाही.

आउटसोर्सिंग म्हटले की बंगळूर आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. मागच्या लेखांकात आपण त्याच पाहिल्या. पण मराठी मुलखातले सर्वांत मोठे आणि जुन्यांपैकी एक आउटसोर्सिंग उसाच्या फडात चालते. हुणजीचा महात्मा गांधी कारखाना असो, की सीमेपलीकडचा लातूर, सोलापूर, कोल्हापूरचा कुठलाही कारखाना, गाळप कारखान्याचे आणि तोडणी बाहेरच्या माणसांची, ही वाटणी सगळीकडे सारखी आहे.

एखादे काम आपल्या छपराखाली माणसे ठेवून करून घ्यावे की बाजारातून विकत घ्यावे? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये हा प्रश्न मांडला. त्याचे उत्तर सरळ होते. माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे, तो पाळला जातो का ते पाहणे, या सगळ्यालाही खर्च येतो. तो खर्च घरच्या व्यवस्थेपेक्षा कमी असेल तर काम बाहेर जाते, जास्त असेल तर आत राहते. पुढे १९९१ मध्ये कोस यांना नोबेल मिळाले. पण एक गोष्ट या हिशेबात सहज निसटते. काम बाहेर गेले की काही खर्च खरोखर वाचतात, आणि काही फक्त कारखान्याच्या वहीतून उतरून दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर चढतात. नीतीचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या खर्चाचा आहे.

आधी पैशाची वाट पाहू. हंगामाच्या आधी कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहनमालक ती मुकादमाला देतो. मुकादम बीड, जालना, परभणीच्या वाड्यावस्त्यांत किंवा बिदर-कलबुर्गीच्या तांड्यांवर जाऊन ती जोडप्यांना वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयत्यामागे दिली जाते ती उचल. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाणारी ही रक्कम लग्न, दवाखाना किंवा जुनी देणी यांत आधीच खर्च होऊन जाते. दिवाळीच्या सुमारास जोडपे घर सोडते ते ती उचल फेडण्यासाठी. हंगामभर राबूनही फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात ३४ टक्के वाढीचा समझोता झाला आणि तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. चांगल्या फडात एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये, माणशी ३६६. त्यासाठी पहाटे अंधारात उठायचे, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आजारपणाने एक दिवस बुडाला तर मजुरी जातेच, वर मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड. तो अनेकदा दिवसाच्या कमाईहून मोठा असतो.

या खाड्याची सर्वांत क्रूर किंमत मोजली ती बायकांनी. फडाजवळ पालाची किंवा उसाच्या पाचटाची कोपी, तिथे ना संडास, ना न्हाणीघर, ना पाळीच्या दिवसांत विसावा. पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला सल्ला मिळे, पिशवी काढून टाक. खाडे टळतील या हिशेबाने तिशीतल्या बायका गर्भाशय काढून मोकळ्या होऊ लागल्या. २०१९ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून देशभर गाजली, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली आणि महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरात जवळपास सतरा.

कारखान्याने कोणालाही पिशवी काढायला सांगितलेले नाही, आणि कारखाने तसे म्हणतातही. मुकादम म्हणतो, उचल माझ्या नावावर आहे, खाडा लावला नाही तर मी बुडेन. वाहनमालक म्हणतो, गाडी उभी राहिली तर माझा हप्ता थकतो. डॉक्टर म्हणतो, बाईनेच आग्रह धरला. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. साखळी लांबली की एवढा मोठा अन्याय घडूनही अन्याय करणारा कोणी सापडत नाही.

साखळी दुसऱ्या टोकालाही बरीच लांब जाते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर शोधवृत्त छापले. उचल, बालविवाह आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया यांवर उभ्या असलेल्या या साखरेच्या गिऱ्हाइकांत कोका-कोला आणि पेप्सी असल्याचे त्यात दाखवले होते. शीतपेयाची कंपनी कारखान्याकडून साखर घेते, कोयत्याकडून नाही. तिच्या आणि कोपीतल्या बाईच्या मध्ये चार-पाच करार आहेत, आणि प्रत्येक करार कायदेशीर आहे.

शेतकऱ्याचे काय? केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली. हा भाव कारखान्याच्या दारातला. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात येते. म्हणजे कोयता कारखान्याच्या तालावर चालतो, त्याचे पैसे शेतकरी मोजतो, आणि वर कित्येक ठिकाणी टोळीला खुशाली, म्हणजे वरची बक्षिसी, तीही त्यालाच द्यावी लागते. तोडणीचे काम कारखान्याने बाहेर दिले, आणि त्याचा खर्चही आपल्याकडे ठेवलेला नाही.

कारखान्याची बाजू अगदीच पोकळ मात्र नाही. गाळप चार-पाच महिने चालते. तेवढ्यासाठी हजारो माणसे बारमाही पगारावर ठेवणे कोणालाच परवडणार नाही. फसवणूकही दोन्हीकडून होते. दोघा-तिघांकडून उचल घेऊन टोळीसह गायब झालेल्या मुकादमांच्या तक्रारी पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत दर हंगामात दाखल होतात, आणि त्यात बुडतो तो कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहनमालक. शिवाय ज्याला बँक दारात उभे करत नाही त्या माणसाला एकरकमी लाख रुपये देणारा मुकादमाखेरीज दुसरा कोणी नाही. तेव्हा काम बाहेर देणे हाच गुन्हा, असे म्हणून प्रश्न सुटत नाही.

मग गुन्हा कुठे आहे? न्यायालयांनी याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. १९७८ च्या हुसेनभाई खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कसोटी घालून दिली. मजुराच्या कामावर ज्याचा धंदा उभा आहे आणि ज्याच्या मुठीत त्या मजुराची रोजीरोटी आहे तोच खरा मालक, मध्ये ठेकेदार किती का असेनात. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच, आणि मजूर ठेकेदाराचे होते एवढ्यावर सरकारची सुटका नाही, असे त्या निकालाने सांगितले. पुढे २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात न्यायालयाने थोडे पाऊल मागे घेतले. कंत्राट बंद झाले म्हणून मजूर आपोआप कायम होत नाही, असे ठरले. पण कंत्राट नुसते दिखाऊ असेल तर तो मूळ मालकाचाच कामगार, हे तत्त्व शाबूत राहिले.

ते दिखाऊपण किती टोकाला जाते ते मुंबईत दिसले. महापालिकेने कचरा उचलण्यासाठी जी पद्धत आणली तिला ‘हैदराबाद पॅटर्न’ म्हणत. त्यात ठेकेदार झाला ‘संस्था’, मजूर झाला ‘स्वयंसेवक’ आणि मजुरी झाली ‘मानधन’. कचरा तोच, झाडूही तोच, पण कामगार कायद्यातून सगळेच बाहेर. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे खटला लढवला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला.

सरकारच असे वागत असेल तर कारखान्यांना बोल काय लावायचा, असे कोणी म्हणेल. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले रस्त्यावर आली, विरोधी पक्ष उठले, आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. पदवीधराच्या नोकरीचे कंत्राट काही आठवड्यांत रद्द होते. कोयत्याचे कंत्राट कित्येक पिढ्या चालू आहे. काम बाहेर देण्यावर आपण संतापतो की नाही, हे ते काम कोण करतो यावर ठरते, असा याचा अर्थ निघतो.

यातून वाट काढण्याचे नमुने परदेशातून आणायची गरज नाही. विडीचा धंदा पाहा. निपाणी, सोलापूर, अहिल्यानगर भागांत बायका घरी बसून विड्या वळत. तंबाखू आणि पाने ठेकेदार देई, छाप मात्र मोठ्या कंपनीचा. या बायका आमच्या नव्हेतच, हे कंपन्यांचे उत्तर ठरलेले होते. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने ती पळवाट बुजवली. ज्याच्या छापाची विडी तो मालक, मग वळणारी आपल्या उंबऱ्याआत का बसलेली असेना. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७४ मध्ये तिथे कायदा टिकला. भविष्य निधी, ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती अशा गोष्टी विडी कामगारांच्या वाट्याला आल्या त्या या पायावर.

दुसरा नमुना माथाडींचा. हमालाला एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये आलेल्या माथाडी कायद्याने यावर नामी तोड काढली. हमालांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने भरायची. त्यातून रजा, दवाखाना, निधी. काम हंगामी आणि मालक बदलता असूनही जबाबदारी कोणाची हे नक्की करता येते, याचा हा साठ वर्षांच्या घरात पोचलेला पुरावा आहे. पुण्यात तर कचरावेचकांनी ‘स्वच्छ’ ही स्वतःचीच सहकारी संस्था काढून २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. म्हणजे तेही आउटसोर्सिंगच, फक्त ठेकेदाराच्या खुर्चीवर कामगार स्वतः बसले.

ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले आहे. कारखान्याने टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, अशी त्याची रचना आहे. पण तो अधिभार महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. टोळी सीमा ओलांडून भालकीच्या फडात उतरली की तिने तोडलेल्या टनामागे त्या महामंडळात काही जमा होत नाही. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी १९७९ पासून कायदा होता. पासबुक, प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता हे सगळे त्यात लिहिलेले होते. नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. कायदा जुना असो की नवा, तो लागू व्हायला आधी कामगाराची नोंद लागते, आणि घोडे अडते ते तिथेच.

जगातला कल आता साखळीच्या वरच्या टोकाला धरण्याकडे आहे. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११३४ माणसे मेली, तेव्हा त्या इमारतीत शिवलेल्या कपड्यांवर युरोप-अमेरिकेतल्या बड्या दुकानांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यानंतर फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला आणि जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. पुरवठादाराकडे काय चालते ते आम्हांला ठाऊक नव्हते, हे उत्तर तिथल्या मोठ्या कंपन्यांना आता पुरत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न विचारण्याची सोय आणखी जवळ आहे. सहकारी कारखान्याचा सभासद हा त्याचा मालक असतो, आणि खटकचिंचोळीपासून उदगीरपर्यंत असे सभासद घरोघरी आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाचा भाव, उतारा, काटामारी यांवर ते तावातावाने बोलतात. यंदा त्यांनी आणखी एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावावा. आपला ऊस तोडणाऱ्यांच्या नावांचे रजिस्टर कारखान्यात आहे का, त्यांचा विमा कोण उतरवतो, तळावर पाणी आणि संडास आहेत का, आणि आजारी बाईला खाडा लावणाऱ्या मुकादमाशी करार चालू ठेवायचा का? अहवालात तोडणी-वाहतुकीचा खर्च रुपया-पैशांत छापलेला असतो. ही उत्तरेही त्याच पानावर छापून मागावीत.

(पुढील लेखांकात : घरपोच जेवण पोचवणारा मुलगा नेमका कोणाचा नोकर?)