स्टेअरिंग काय सांगतंय, ऐका की!

कोल्हापूरकराला गाड्यांचं वेड शिकवावं लागत नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक इथलाच. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींत उतरला, कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत धडकला. आता ज्यांना ट्रॅकचा खर्च झेपत नाही, ती पोरं टेबलाला स्टेअरिंग आवळतात आणि घरबसल्या सिममध्ये, म्हणजे शर्यतीच्या सिम्युलेटर गेममध्ये, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक गाठतात. स्टेअरिंग जोडल्या जोडल्या पहिलं काम काय? फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर हाताला देते ती ओढ, थेट शंभर टक्क्यांवर! नाद खुळा म्हणतात तो हाच, आणि गाडी घसरते तीही इथंच.

शंभर टक्के म्हणजे बहिरेपणा
विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीचा आवाज पार टोकाला नेला की गाणं फाटतं. छातीत धडधडतं, पण शब्द एक कळत नाही. स्टेअरिंगचंही तसंच होतं, आणि दोन्हीकडे त्याला नावही एकच आहे, क्लिपिंग. मोटरीला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर गेमनं मागितला की मोटर आपल्या कमाल जोरावर अडून बसते. मग कडेच्या कर्बचा धक्का, टायरची कुरकुर, उंचवटा, सगळं एकाच सपाट ओढीत गडप. हात दुखतात आणि कळत काहीच नाही.

किलोत सांगायचं तर
लॉजिटेकचं जी२९ हे 2015 पासूनचं, गिअरवर चालणारं स्टेअरिंग. त्याचा जोर साधारण 2 न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे कडेला दीडेक किलोची ओढ. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टेअरिंग थेट मोटरीच्या दांड्यावरच बसतं. तिथं फॅनाटेकचं सीएसएल डीडी 5 न्यूटन-मीटर देतं, मोठा वीजपुरवठा जोडला की 8. सिम्युक्यूब 2 अल्टिमेट 32 पर्यंत जातं. एवढ्या जोराला कडेवर वीस किलोंहून जास्त ओढ लागते. व्यायामशाळेची फी वाचेल, पण लॅप टाइम कमी होईलच असं नाही.

हलकं झालं की समजा
या सगळ्या प्रकरणातली सर्वांत भारी गोष्ट ही. वळणावर टायर रस्त्याला बाजूनं धरतो, पण त्या पकडीचा जोर टायरच्या बरोबर मध्यावर पडत नाही, थोडा मागे पडतो. म्हणून चाक आपसूक सरळ व्हायला बघतं आणि हाताला ओढ जाणवते. वळण जोरात घेत गेलात की रस्त्याला टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी सरकू लागते. जोराचा बिंदू पुढे येतो, ओढ उतरते. गंमत अशी की हे सगळं पकड पूर्ण सुटायच्या आधी घडतं. म्हणजे वेगवान वळणात स्टेअरिंग अचानक हलकं लागलं, तर पुढचे टायर सांगतायत, ‘दादा, आता बास!’ चांगला ड्रायव्हर या इशाऱ्यावरच गाडी चालवतो. क्लिपिंगमध्ये नेमका हाच इशारा हरवतो, कारण ओढ कमाल रेषेच्या वर असताना तिचा उतार हाताला कळतच नाही. (गगनबावड्याच्या पावसात याची खात्री करायला जाऊ नका. तो घाट आहे, सिम नव्हे.)

कार्टमध्ये मनगटं का भरून येतात?
कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, त्यामुळे वळणावर दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. त्यातून सुटका एकच. स्टेअरिंग वळवलं की पुढच्या चाकांची तिरकी बांधणी आतल्या बाजूचं मागचं चाक किंचित उचलते. एवढी उचलाउचल तुमच्या हातांनी करायची, तीही पॉवर स्टेअरिंगशिवाय! सिममध्ये कार्ट चालवताना स्टेअरिंगचा फेर 900 अंशांवर ठेवू नका, चांगलाच आखडा. खरी कार्ट अर्ध्या-पाऊण फेऱ्यातच पुरती वळते.

जुनी हौस
1989 साली अटारीच्या ‘हार्ड ड्रायव्हिन’ या आर्केड मशीनमध्ये फोर्स फीडबॅकचं स्टेअरिंग होतं. शिवाय क्लच, गिअर आणि गाडी सुरू करायला चावीसुद्धा. गाडीचं गणित मांडायला मदत केली डग मिलिकन या वाहन-अभियंत्यानं. खेळाच्या श्रेयनामावलीत मात्र तो ‘टेस्ट ड्रायव्हर’ म्हणून झळकला.

अंगठा सांभाळा
जोरकस डायरेक्ट ड्राइव्हवर अंगठे आऱ्यांत अडकवू नका. भिंतीला धडकल्यावर स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि बोट मुरगळतं. महागड्या यंत्रांसोबत तातडीनं बंद करायचं लाल बटण येतं, ते शोभेचं नाही. हाताशी ठेवा.

मग लावायचं कसं?
लांब, वेगवान वळण असलेला ट्रॅक निवडा. गेममधला फोर्स फीडबॅकचा मीटर पडद्यावर आणा आणि गेन, म्हणजे एकूण जोराचा आकडा, इतका उतरवा की भर वळणात पट्टी टोकाला क्वचितच टेकेल. गिअरवाल्या स्टेअरिंगच्या आतलं घर्षण बारीक धक्के गिळतं, त्यासाठी ‘मिनिमम फोर्स’ हळूहळू वाढवा. सरळ रस्त्यावर ते आपोआप थरथरू लागलं की एक पायरी मागे या. कृत्रिम सेंटरिंग स्प्रिंग शून्यावर, कारण टायरच्या खऱ्या ओढीवर ती आपली खोटी ओढ चढवते. डायरेक्ट ड्राइव्ह सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे हेलकावत असेल, तर डॅम्पर, म्हणजे फिरण्याला कृत्रिम विरोध, थोडा द्या. जास्त दिलात तर स्टेअरिंग सुस्त होतं.

एका वेळी एकच आकडा बदला आणि त्याच गाडीनं चार फेऱ्या मारून बघा. गाडी बदलली की गेन पुन्हा तपासावा लागतो, कारण प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकांची बांधणी वेगळी आणि ओढही वेगळी.